वऱ्हाडातील वन्यजीव संरक्षण आणि ऋतुनिहाय निसर्गनिरीक्षण

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत व लगतच्या प्रदेशात चालणारे वन्य प्राणी-पक्ष्यांचे रक्षण, तसेच ऋतुमानाप्रमाणे त्यांच्या नोंदी ठेवण्याचे स्थानिक काम. उत्तरेला सातपुड्याची गाविलगड रांग, मध्ये पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीचे शिवार आणि जागोजागी गवताळ गायराने व सिंचन तलाव, अशी या मुलखाची ठेवण आहे. रक्षण म्हणजे जंगलाची हद्द आखून आत वाघ वाचवणे, हा समज येथे रूढ आहे. मात्र गेल्या पन्नास वर्षांचा पुरावा पाहता तो अपुरा ठरतो. वऱ्हाडातील वन्यजीवनाचा मोठा भाग हद्दीबाहेर नांदतो. तेथे पहारा ठेवणे कोणत्याही खात्याला शक्य नसल्याने बारमाही पाहणारी स्थानिक माणसे हाच संरक्षणाचा दुसरा आधारस्तंभ आहे.

हद्दीतील रक्षण हा पहिला स्तंभ भक्कम आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. व्याघ्र प्रकल्पाची योजना १९७३ मध्ये सुरू झाली आणि तिच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत गाविलगड रांगेतील मेळघाटची निवड झाली. आज गुगामल राष्ट्रीय उद्यान, मेळघाट अभयारण्य आणि नरनाळा, वान व अंबाबरवा ही अभयारण्ये मिळून हे क्षेत्र सुमारे १,५०० चौ.किमी. आहे. सिपना, गडगा, खापरा, डोलार या तापीला मिळणाऱ्या नद्यांचे पाणलोट त्यामुळे टिकून आहेत. अकोल्याला पाणी पुरवणाऱ्या महान धरणाभोवती काटेपूर्णा अभयारण्य आहे. मात्र नकाशावरची रेघ प्राण्यांना कळत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये शेतशिवारे, नाले आणि रस्ते ओलांडत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या वाटेचा मोठा भाग कोणत्याही अभयारण्यात नव्हता.

पाहणारे नसले की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण रानपिंगळ्याचे आहे. पक्षीतज्ज्ञ ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीचा नमुना मिळाला नाही आणि तो नामशेष झाला असे मानले जाऊ लागले. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षीअभ्यासक पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांना तो नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ दिसला. पुढे मेळघाटातही तो आढळला आणि त्याच्या ज्ञात वस्तीस्थानांत मेळघाटचे स्थान महत्त्वाचे ठरले. हा पिंगळा दिवसाही वावरतो, विरळ सागवनात उघड्या फांदीवर बसतो. असा पक्षी ११३ वर्षे नोंदींतून गायब राहिला तो लपल्यामुळे नव्हे. त्या जंगलात राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही आणि नियमित नोंद ठेवणारेही कोणी नव्हते, म्हणून.

गवताळ माळांची स्थिती अधिक नाजूक आहे. ई-क्लास म्हणून ओळखली जाणारी गायराने महसुली कागदांवर बहुधा पडीक ठरतात; ती नांगरली जातात किंवा त्यांवर झाडे लावून हिरवी केली जातात. तणमोर हा पक्षी मात्र अशाच गवतात पावसाळ्यात वीण करतो. गवताच्या वर वारंवार उडी घेणारा नर एवढीच त्याची दिसणारी खूण. इतर काळात तो सहसा नजरेस पडत नाही. संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत २०२१ पासून तो अतिसंकटग्रस्त आहे. अकोला-वाशीम भागात फासेपारधी कुटुंबांच्या सहभागाने गवताळ माळ राखण्याचे आणि तणमोराच्या नोंदी घेण्याचे काम झाले आहे. ब्रिटिश राजवटीतील गुन्हेगार जमाती कायद्यांनी ज्या समाजांना गुन्हेगार ठरवले, त्यांतील एकाचे माळाविषयीचे ज्ञान येथे रक्षणाच्या कामी आले. आयर्लंडमधील कॉर्नक्रेक या पक्ष्याची कथा याला समांतर आहे. तोही गवतात घरटे करतो आणि त्याचीही मोजणी ओरडणाऱ्या नरांवरून होते. यांत्रिक कापणीमुळे तो पश्चिम व वायव्य किनाऱ्यापुरता उरला. शेतकऱ्यांना मोबदला देऊन गवताची कापणी लांबवली जाते, म्हणून तेथे त्याची वीण होऊ शकते. योग्य महिन्यात विळा थांबवायचा, तर पक्षी केव्हा येतो हे आधी माहीत असावे लागते.

वऱ्हाडात हे पाहणे ऋतूंनी बांधलेले आहे. मृगाच्या आधी पावश्या ओरडू लागतो आणि चातक येतो. हिवाळ्यात अमरावतीचे छत्री व वडाळी तलाव, मोर्शीजवळचे अप्पर वर्धा धरण, अकोल्याजवळचा कापशी तलाव येथे पाणपक्षी उतरतात. तिबेट-लडाखकडे वीण करणारे पट्टकादंब आणि चक्रवाक त्यांत असतात. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर आणि सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर, या जन्मदिनांमधील आठवडा राज्यशासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून ठरवला आहे. वैशाखात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मेळघाटातील पाणवठ्यांवर मचाणे बांधून नागरिकांना बसवले जाते. हा उपक्रम अशास्त्रीय असल्याचा आक्षेप घेतला जातो. एकच अस्वल दोन पाणवठ्यांवर मोजले जाऊ शकते, अवकाळी पाऊस झाला तर प्राणी पाणवठ्यावर येतच नाहीत, हे खरे आहे. म्हणूनच वाघांचा अंदाज आता स्वयंचलित कॅमेऱ्यांवरून केला जातो आणि मचाणावरच्या रात्रीला वनविभाग ‘निसर्गानुभव’ म्हणतो. परंतु संख्या सांगणे वेगळे आणि कोणता जीव कोठे, कोणत्या तारखेला दिसला हे सांगणे वेगळे. दुसरे काम शिकलेला गावकरीही चोख करू शकतो. अशा नोंदी दरवर्षी त्याच जागी झाल्या, तर बदल उमगतो.

दुसरा आक्षेप शेतकऱ्यांचा असून तो अधिक वजनदार आहे. रानडुकरे आणि रोही तूर, हरभरा, कपाशीची नासाडी करतात. रात्रभर जागल करणाऱ्याला संरक्षणाचे शब्द पोकळ वाटतात. भरपाईची तरतूद आहे. ती वेळेवर व पुरेशी मिळणे ही संरक्षणाची अट मानली पाहिजे. तरीही सर्व वन्यजीव एका पारड्यात घालता येत नाहीत. पिकावर पोसणाऱ्या जाती वाढत असताना तणमोरासारख्या पिकाला निरुपद्रवी जाती संपत आहेत, आणि हा भेद शिवारातील नोंदींवाचून दिसत नाही. मेळघाटातील कोरकू आदिवासी गावांच्या पुनर्वसनाचा अनुभवही माणसांना डावलता येत नाही हे सांगतो. रिकाम्या झालेल्या गावठाणांवर गवत वाढले, तेथे सांबर व गवे चरू लागले. पण अकोट तालुक्यात वसवलेली काही कुटुंबे सोयींअभावी जंगलात परतली आणि त्यातून संघर्ष झाला. माणसांना वगळून मिळवलेले यश टिकाऊ नसते. आणखी एक धोका पाहणाऱ्यांकडूनच आहे. छायाचित्रासाठी घरट्याजवळ जाणे किंवा दुर्मीळ पक्ष्याची जागा जाहीर करणे अपायकारक आहे. म्हणून विणीच्या जागा गुप्त ठेवणे हा निरीक्षणाचा पहिला नियम असला पाहिजे.

एकंदरीत, मेळघाटची हद्द राखणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने वऱ्हाड राखले जात नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गायरानाची, तलावाची व पाणवठ्याची ऋतुनिहाय नोंदवही ठेवावी आणि जमिनीच्या वापराचा निर्णय घेण्यापूर्वी ती वाचली जावी, ही मागणी अवाजवी नाही. रानपिंगळा सापडायला ११३ वर्षे लागली. तणमोराजवळ तेवढा अवधी उरलेला नाही.