कृत्रिम डोळ्यामागचा गोळा

गंभीर इजा, लहान मुलांमधील रेटिनोब्लास्टोमासारखा कर्करोग किंवा दृष्टी जाऊन सतत ठणकणारा डोळा अशा कारणांनी नेत्रगोलक काढून टाकण्याची वेळ येते. 'काचेचा डोळा कधी बसवणार?' असा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो. वास्तविक बसवावयाच्या वस्तू दोन असतात. बाहेरून दिसते ती हुबेहूब रंगवलेली पातळ वाटी. आज ती बहुधा काचेची नसून ॲक्रिलिकची असते. तिच्यामागे, खोबणीत स्नायूंच्या मध्ये कायमचा बसवलेला असतो तो गोळा. दोहोंपैकी कशानेही दिसू लागत नाही, हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगितलेले बरे.

प्रौढ माणसाच्या नेत्रगोलकाचे आकारमान सुमारे ७ मिलिलिटर असते. ती जागा रिकामी राहिली तर खोबण आत ओढली जाते आणि वरची पापणी खचते. म्हणून साधारण १८ ते २२ मिलिमीटर व्यासाचा गोळा बसवितात. मँचेस्टरचे शल्यचिकित्सक फिलिप हेन्री म्यूल्स यांनी १८८५ च्या सुमारास, आतून रिकाम्या केलेल्या डोळ्यात काचेचा पोकळ गोळा बसविण्याची पद्धत मांडली. पुढे ॲक्रिलिक आणि सिलिकॉनचे गोळे आले. असा गुळगुळीत गोळा शरीर स्वीकारत नाही, फक्त सहन करते. त्याच्याभोवती तंतुमय आवरण तयार होते आणि गोळा आत परकाच राहतो. कधी तो जागेवरून सरकतो, क्वचित बाहेरही येतो.

१९८० च्या दशकात सॅन डिएगोचे डॉ. आर्थर पेरी यांनी प्रवाळापासून केलेला गोळा वापरात आणला. प्रवाळातील कॅल्शियम कार्बोनेटवर रासायनिक प्रक्रिया केली की त्याचे हायड्रॉक्सीअपॅटाइट होते. आपल्या हाडांतील खनिज मुख्यतः याच जातीचे आहे. या गोळ्यात सुमारे अर्ध्या मिलिमीटरची, एकमेकांना जोडलेली छिद्रे असतात. शस्त्रक्रियेनंतर आजूबाजूच्या रक्तवाहिन्या आणि तंतुमय ऊती या छिद्रांतून आत शिरतात व काही महिन्यांत गाभ्यापर्यंत पोहोचतात. गोळा जागीच जखडला जातो आणि रक्ताबरोबर पांढऱ्या पेशीही आत पोहोचू लागल्याने जंतूंशी लढण्याचे बळ मिळते. पुढे सच्छिद्र पॉलिथिलिनचे गोळेही आले. त्यांना डोळ्याचे स्नायू थेट शिवता येतात. हायड्रॉक्सीअपॅटाइटचा गोळा मात्र बहुधा दात्याच्या श्वेतपटलात किंवा जाळीत गुंडाळून बसवितात आणि स्नायू जोडावयाच्या ठिकाणी त्या आवरणाला खिडक्या ठेवतात. रक्तवाहिन्यांचा प्रवेश तेथूनच होतो.

खरी कसोटी लागते ती गोळ्याच्या पुढच्या भागाची. पृष्ठभाग खरखरीत, त्यावरचे आच्छादन नाजूक. ते घासून विरले की गोळा उघडा पडतो. यासाठी आच्छादनाचे थर वेगवेगळे आणि ताण न देता शिवावे लागतात. धूम्रपान आणि पूर्वी घेतलेले किरणोपचार यांमुळे हे भरणे मंदावते. चिकट स्राव थांबत नसेल, रक्त दिसत असेल किंवा गुलाबी आवरणात पांढरा, कडक ठिपका दिसू लागला असेल तर वाट न पाहता शल्यचिकित्सकांकडे जावे. सच्छिद्र गोळ्यात जंतुसंसर्ग खोलवर रुजला तर केवळ औषधांनी तो हटणे कठीण असते. मग गोळा काढावा लागतो. आणि ऊतींनी भरलेला गोळा सोडविणे मुळीच सोपे नसते.

गोळा पुरता भरल्याची खात्री एमआरआयने करून, साधारण सहा महिन्यांनी त्यात छिद्र पाडून खुंटी बसविण्याची पद्धत एके काळी लोकप्रिय होती. खुंटीमुळे बाहेरची वाटी गोळ्याबरोबर अधिक हलते; पण सतत स्राव आणि मांस वाढणे या तक्रारींमुळे अनेक शल्यचिकित्सक आता ती टाळतात. खुंटी नसेल तर सच्छिद्र आणि साध्या गोळ्याच्या हालचालीत फारसा फरक आढळत नाही. त्यामुळे महागडा गोळा परवडला नाही म्हणून खंत करण्याचे कारण नाही. गोळ्याचे योग्य माप आणि स्नायूंची नीट जोडणी यांना अधिक महत्त्व आहे.

शस्त्रक्रियेच्या शेवटी पापण्यांमागे प्लॅस्टिकची तात्पुरती पारदर्शक वाटी ठेवतात. ती गळून पडली तर डॉक्टरांना लगेच कळवावे, नाहीतर तेथील जागा आकसते. सूज ओसरल्यावर, सहा ते आठ आठवड्यांनी मापाची वाटी तयार होते. वर्षातून एकदा तिला पॉलिश करून घ्यावे. वाढत्या वयाच्या मुलांना ती वेळोवेळी बदलावी लागते. दुसऱ्या, चांगल्या डोळ्यासाठी नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटचा चष्मा कायम वापरावा.