सामायिक अभिलेखांतील विसंगती

सामायिक अभिलेखांतील विसंगती : एकाच दस्तऐवजाच्या दोन प्रतींत दोन ठिकाणी, परस्परांच्या नकळत बदल होत गेल्यास त्यांच्यात उत्पन्न होणारा विरोध. संगणक-जालकावरील सामायिक फाइलींत तो नेहमी आढळतो. खानदेशातील (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) जमिनींच्या अभिलेखांचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

संगणकातील स्वरूप : आज्ञावलीची एकच फाइल दोघांनी एकाच वेळी उघडली व दोघांनीही ती बदलून जतन केली, तर मागाहून जतन करणाऱ्याची प्रत राहते व पहिल्याचे काम कोणतीही सूचना न मिळता नष्ट होते. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील सीटीएसएस या प्रणालीत १९६०–७० या दशकाच्या मध्यास दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन निरनिराळ्या फाइलींवर काम करीत होते. संपादनासाठी वापरल्या जाणाऱ्या तात्पुरत्या फाइलीचे नाव मात्र दोघांकरिता एकच होते. परिणामी दैनिक सूचनेच्या जागी सर्वांचे परवलीचे शब्द प्रत्येक वापरकर्त्यास दिसले. असे प्रकार टाळण्यासाठी बेल प्रयोगशाळेत १९७२ मध्ये एससीसीएस व वॉल्टर टिची यांनी १९८२ च्या सुमारास आरसीएस या प्रणाली तयार केल्या. त्यांत फाइल बदलू इच्छिणाऱ्याने प्रथम तिला कुलूप लावावयाचे असते. १९८४ मध्ये सन कंपनीची एनएफएस पद्धती आल्यावर दूरच्या संगणकावरील फाइली आपल्याच असल्याप्रमाणे उघडता येऊ लागल्या आणि हा प्रश्न अधिक व्यापक झाला. पुढील सीव्हीएससारख्या प्रणालींत प्रत्येकजण स्वतःच्या प्रतीवर काम करतो व नंतर प्रती एकत्र केल्या जातात. परंतु एकाच ओळीत दोघांनी बदल केला असल्यास निर्णय माणसावरच सोपविला जातो.

खानदेशातील पूर्वेतिहास : १८१८ मध्ये इंग्रजी अंमल सुरू होण्यापूर्वी गावाचे हिशेब कुलकर्णी व परगण्याचे हिशेब देशपांडे ठेवीत. या दोन दप्तरांमुळे एकावरून दुसऱ्याची पडताळणी करता येई. १८५२ मध्ये महसुली मोजणी सुरू होताच वाढीव आकारणीच्या भीतीने सावदा, एरंडोल आदी भागांत रयतेने तीस विरोध केला व दंगेही झाले. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने अधिकार अभिलेखाची पद्धती आली. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये गाव नमुना सात (अधिकार अभिलेख) व बारा (पिकांची नोंदवही) मिळून सात-बारा उतारा होतो. हक्कातील बदल प्रथम नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवहीत लिहावयाचा, चावडीत त्याची प्रत लावून हितसंबंधितांना नोटीस द्यावयाची, हरकत आल्यास ती वेगळ्या नोंदवहीत घेऊन तिचा निर्णय करावयाचा व मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच सात-बारात बदल करावयाचा, असा क्रम आहे. प्रलंबित फेरफाराची खूण तलाठी उताऱ्यावर पेन्सिलीने करी व प्रमाणनानंतर ती शाईने पक्की होई. आरसीएसमधील कुलपाचे कार्य ही पेन्सिलीची खूण काही अंशी करीत होती.

संगणकीकरण व विसंगती : १९८८-८९ मध्ये केंद्र शासनाने भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणासाठी प्रायोगिक जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातील वर्धा होता. पुढे ही योजना जळगाव व धुळ्यासह राज्यभर पसरली. तथापि संगणकातील प्रत तयार झाल्यावरही तलाठी हस्तलिखित दप्तरात फेरफार नोंदवीत राहिला आणि ते संगणकात उशिरा चढत किंवा चढतच नसत. रावेर-यावल भागातील केळीची बाग वा शिंदखेड्याकडील कापसाचे शेत वाटणीने दोन भावांच्या नावे झाले, हस्तलिखितात तशी नोंद झाली, पण संगणकात मृत पित्याचेच नाव राहिले, तर पीककर्ज, विमा व भूसंपादनाचा मोबदला ही सर्व अडून राहत. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत उताऱ्यातील नोंद खरी मानावी, असे अधिनियम सांगतो. त्यामुळे परस्परविरोधी असे दोन्ही उतारे खरे धरण्याचा प्रसंग येई.

मेळ घालण्याचे उपाय : हस्तलिखित व संगणकीकृत उतारे ताडून पाहण्यासाठी प्रथम ‘एडिट’ व नंतर ‘री-एडिट’ या आज्ञावली वापरण्यात आल्या. २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन करून उतारे खातेदारांसमोर वाचण्यात आले. क्षेत्रांची बेरीज जुळते की नाही हे संगणक सांगू शके. कोणता वारस राहिला हे मात्र गावकरीच सांगू शकत. त्यानंतरची चूक दुरुस्त करण्यास तहसीलदाराचा आदेश आवश्यक ठरला. ई-फेरफार प्रणालीने लेखनाचे स्थान एकच केले आणि २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवरून पिकाची नोंद करतो. त्यामुळे नमुना बाराला तलाठ्याखेरीज (२०२४ पासून ‘ग्राम महसूल अधिकारी’) दुसरा लेखक लाभला असून यांतील काही नोंदींची पडताळणी त्या अधिकाऱ्याकडे राहिली आहे.