अ‍ॅम्बेसेडर आलापल्लीपर्यंत, पुढे जीप

परवा मूल रोडवरच्या टपरीवर जुनाच वाद निघाला. अ‍ॅम्बेसेडर भारी की महिंद्राची जीप? दोन्ही बाजूंनी चहा संपेपर्यंत भांडण झालं. मी तिथं काही बोललो नाही, म्हटलं घरी जाऊन लिहितो.

तर मंडळी, आधी हिशेब. महिंद्रानं 1947 मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. अ‍ॅम्बेसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, हिंदुस्तान मोटर्सनं बंगालात उत्तरपाड्याला उभी केलेली. पुढं वर्षानुवर्षं ती 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन घेऊन धावली. जीपचं इंजिन 2.2 लिटरचं. आकडा मोठा, पण ते पळायला नव्हतं, ओढायला होतं.

डांबरी रस्त्यावर अ‍ॅम्बेसेडरला तोड नाही, हे जीपवाल्यांनी मान्य करावं. पुढच्या दोन चाकांना टॉर्शन बार, प्रत्येक चाक आपापलं खालीवर होतं. दोन चाकांतलं अंतर 97 इंच, त्यामुळं खड्डा आला तरी गाडी डुलते, आदळत नाही. जीपचं तेच अंतर 80 इंच, मागंपुढं आख्खा अ‍ॅक्सल आणि पाटे. साठच्या वर गेली की स्टिअरिंग हातात नाचायचं, आणि वळणावर जोर केला तर उलटायची भीती खरीच. चंद्रपूर ते गडचिरोली मूलमार्गे ऐंशीएक किलोमीटर जीपनं गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कंबर आहे हे कळायचं.

पण पावसाळ्यात चित्र उलटं. अ‍ॅम्बेसेडरची ओढ फक्त मागच्या चाकांना. काळ्या चिखलात चाक फिरलं की गाडी जागच्या जागी खोल जायची, मग शिपाई, ड्रायव्हर, कधीकधी साहेबसुद्धा धक्का मारायला. जीपमध्ये छोटा दांडा ओढला की चारही चाकं लागतात. त्याखाली आणखी एक 'लो' गिअर. त्यात टाकून जीप माणसाच्या चालीनं चिखल चढायची. तोच दांडा कोरड्या डांबरावर विसरून तसाच राहिला, तर वळताना गाडी अडखळते, टायर घासतात. नवे ड्रायव्हर हमखास विसरायचे. नाल्यातून न्यायची असली तर जुने लोक पंख्याचा पट्टा काढून टाकायचे, नाहीतर पंखा पाणी उडवून डिस्ट्रिब्यूटर भिजवतो आणि गाडी मधोमध बंद.

आता मुद्द्याचं. 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. त्याआधी सिरोंच्याच्या माणसाला एका दाखल्यासाठी दोनशेच्या आसपास किलोमीटर चंद्रपूर गाठावं लागे. नव्या जिल्ह्यात पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडर आल्या. माझे काका एका खात्यात ड्रायव्हर होते. ते सांगायचे, "आलापल्लीच्या रेस्ट हाऊसपर्यंत साहेब, पुढं बाबू." साहेबांची गाडी तिथं थांबायची, पुढं भामरागडकडं जीप जायची, जीपमध्ये कनिष्ठ कर्मचारी आणि कागद. म्हणजे गाडीच्या पोटाखालची उंची ठरवायची की कोणत्या गावाला अधिकारी दिसणार. रस्ता व्हावा म्हणून अर्ज करायचा, तर तो वाचणारा त्या रस्त्यावर कधी आलेलाच नसायचा!

काळीपिवळी विसरून चालणार नाही. तिच्यात आत माणसं, टपावर माणसं, मागं लटकलेली माणसं. परफॉर्मन्स मोजायचा तर तिथं मोजा. आणि जिथं तीही जात नव्हती, तिथून बाळंतीण खाटेवर टाकून चार जणांच्या खांद्यावर यायची. अजूनही पावसाळ्यात अशा बातम्या येतात.

अ‍ॅम्बेसेडर 2014 मध्ये बंद झाली. साहेब आता स्कॉर्पिओ, बोलेरोत फिरतात, आलापल्लीच्या पुढंही जातात. पण पर्लकोटेला पूर आला, पुलावरून पाणी गेलं, की आजची गाडी काय नि कालची काय, भामरागडच्या अलीकडं रांगेत उभी. इंजिन बंद करायचं आणि पाणी उतरायची वाट बघायची. टपरीवरच्या दोन्ही पार्ट्यांनी एकदा ऑगस्टात तिथं येऊन भांडावं.