म्हातारपणाचा वन्समोअर

विनोदी भूमिका म्हणजे सोपे काम, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. शाळेत असताना स्नेहसंमेलनाची नाटके बसवायचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. कुणाच्या तरी पोटाला उशी बांधायची, गालाला रंग फासायचा आणि त्याला विनोदी काम द्यायचे, हा ठरलेला रिवाज. पडदा वर गेला की उशीला हशा मिळायचाच. पण तो हशा दोन मिनिटांचा. पुढचे दोन तास काय करायचे?

हा प्रश्न ज्याने अगदी शेवटपर्यंत सोडवला, अशा एका इटालियन गायकाबद्दल आज लिहितो आहे. त्याचे नाव जुझेप्पे ताद्देई, आणि भूमिका सर जॉन फॉलस्टाफची.

ऑपेरा हा आपल्या संगीत नाटकाचा लांबचा भाऊ म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की आपल्याकडे गद्य संवाद आणि मधूनमधून पदे. तिथे बहुतेक सगळेच गायचे. बॅरिटोन म्हणजे पुरुषाचा मधल्या पट्टीतला भरदार आवाज. प्रेमवीर नायक बहुधा उंच आवाजाचा टेनर असतो, म्हणून बॅरिटोनच्या वाट्याला बाप, राजा, खलनायक असली कामे येतात. आणि कधीतरी एखादा फॉलस्टाफ.

हा फॉलस्टाफ मूळचा शेक्सपिअरचा. ढेरपोट्या, कर्जबाजारी, दारूबाज म्हातारा सरदार. दोन श्रीमंत घरच्या विवाहित बायकांना तो शब्दाला शब्द सारखीच प्रेमपत्रे पाठवतो. त्या दोघी पत्रे शेजारी ठेवून वाचतात आणि मग त्याची अशी फजिती करतात की विचारू नका! मळक्या कपड्यांच्या टोपलीत कोंबून थेट थेम्स नदीत फेकून देतात.

या गोष्टीवर जुझेप्पे व्हेर्दीने ऑपेरा रचला. त्याचा पहिला प्रयोग मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात ९ फेब्रुवारी १८९३ रोजी झाला. व्हेर्दी तेव्हा ७९ वर्षांचा होता. हा आकडा वाचून थांबावेसे वाटते, पण त्यामागची हकिकत आणखी मोठी आहे. तरुणपणी त्याने एकच विनोदी ऑपेरा लिहिला होता, ‘एका दिवसाचे राज्य’ अशा अर्थाच्या नावाचा. १८३८ मध्ये त्याची मुलगी गेली, १८३९ मध्ये मुलगा, आणि १८४० च्या जूनमध्ये पत्नी. अशा अवस्थेत त्याला लोकांना हसवायचे होते. सप्टेंबर १८४० मध्ये त्याच ला स्कालात त्याचा प्रयोग झाला आणि एका रात्रीत ते नाटक उतरवावे लागले. त्यानंतर पन्नास वर्षांहून अधिक काळ व्हेर्दी विनोदाच्या वाटेला गेला नाही. शेवटी आरीगो बोईतो या कवीने शेक्सपिअरवरून उत्तम संहिता बांधून दिली, तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर म्हातारा पुन्हा हसायला बसला.

पहिला फॉलस्टाफ झाला व्हिक्तोर मोरेल हा फ्रेंच बॅरिटोन. गृहस्थ मोठा मानी. मानधन आणि हक्क यांवरून त्याने इतके ताणून धरले की व्हेर्दीने ऑपेराच मागे घेण्याची धमकी दिली होती. पण गाणारा अस्सल. दुसऱ्या अंकात फॉलस्टाफचे एक चिमुकले पद आहे, पुरते अर्ध्या मिनिटाचेही नाही. आपण पोरवयात एका सरदाराकडे हुजऱ्या होतो, तेव्हा इतके सडपातळ होतो की अंगठीतूनसुद्धा सरकून गेलो असतो, एवढीच बढाई. मोरेलने १९०७ मध्ये त्याची ध्वनिमुद्रिका केली. मुद्रणाच्या खोलीत थोडे श्रोते होते. पद संपताच ते टाळ्या पिटतात, पुन्हा म्हणा असा आग्रह धरतात, मोरेल पुन्हा म्हणतो, पुन्हा टाळ्या, आणि तिसऱ्यांदा तो तेच फ्रेंचमध्ये म्हणतो. संगीत नाटकांच्या वन्समोअरवर वाढलेल्या आपल्या मराठी कानांना ती तबकडी लगेच ओळखीची वाटते.

आता ताद्देई. जन्म १९१६, जेनोआ. १९३६ मध्ये रोमला रंगभूमीवर आला. महायुद्धात सैन्यात जावे लागले, जर्मनांच्या कैदेतही राहिला. १९४६ पासून व्हिएन्नाच्या ऑपेरात गाऊ लागला. खलनायक रंगवण्यात त्याचा हातखंडा. ‘तोस्का’ ऑपेरातला जुलमी पोलीस-प्रमुख स्कार्पिया त्याने कारायानच्या ध्वनिमुद्रणात असा गायला आहे की अंगावर काटा येतो. आणि हाच माणूस मोझार्टचा खट्याळ नोकर फिगारोही तितक्याच सहज गातो!

त्याच्या फॉलस्टाफची दोन पूर्ण ध्वनिमुद्रणे आपल्याला ऐकता येतात. एक १९४९ चे, इटालियन रेडिओच्या वाद्यवृंदाबरोबर. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा. दुसरे १९८० चे, कारायान आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर. तेव्हा चौसष्टीला टेकलेला. पुढे साल्झबुर्गच्या महोत्सवात त्याने हीच भूमिका रंगमंचावर केली आणि १९८२ च्या तिथल्या प्रयोगाचे चित्रीकरणही उपलब्ध आहे. मला इटालियनचे अक्षर येत नाही. तरी खाली भाषांतराच्या ओळी येतात त्यांचा हात धरून मी तो प्रयोग कितीदा पाहिला, त्याचा हिशोब ठेवलेला नाही.

तेहतिसाव्या वर्षीचा आवाज काय वर्णावा! जाड, चमकदार, दाणेदार. तरुण माणूस म्हातारा झाला आहे आणि मजेत आहे. चौसष्टाव्या वर्षी त्या आवाजाची कड झिजली आहे, काही जागी तो सुरावर पाय ठेवतो आणि चटकन उचलतो. पण शब्द मात्र एकेक टपोरा. अंगठीतून सरकण्याचे ते पद ऐका. पहिल्या मुद्रणात ती बढाई आहे. दुसऱ्यात तो आवाज इतका हलका करतो की क्षणभर तो हुजऱ्या पोरगा खरोखर डोळ्यांपुढे येतो, आणि लगेच गाणे संपते. हसता हसता घशात काहीतरी अडकते.

पहिल्या अंकात फॉलस्टाफ एका बाईची नक्कल करतो. एवढा आडवा देह, आणि गळ्यातून बारीक बायकी आवाज. इथे कुणीही चाळे केले तरी हशा येईलच. ताद्देई चाळे करत नाही. ती बाई आपल्यावर भाळली आहे अशी त्याची मनोमन खात्री आहे, म्हणून तो तिचा आवाज प्रेमाने काढतो. पुढे नोकर पत्रे न्यायला नकार देतात, कारण काय तर त्यांची अब्रू! त्यावर फॉलस्टाफ भडकतो. अब्रूने पोट भरते का, मोडलेले हाड सांधते का? हे प्रश्न तो लोकांना हसवायला विचारत नाही, खरोखर विचारतो. म्हणून आपण हसतो.

तिसऱ्या अंकाचा आरंभ मला सर्वांत प्रिय. नदीतून कसाबसा निघालेला, निथळणारा म्हातारा एकटा बसून जगाला शिव्या देतो आहे. जग बुडाले, सचोटी उरली नाही वगैरे. (आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी हेच चालते.) मग गरम मद्याचा घोट पोटात जातो आणि वाद्यांत एक बारीकसा कंप सुरू होतो. तो पसरत पसरत सगळा वाद्यवृंद थरथरू लागतो. ताद्देईचा चेहरा इथे बघावा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण नावे ठेवण्यासाठी वापरतो. इथे तो पीळच त्या माणसाचा जीव आहे.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ताद्देईने पहिले पाऊल ठेवले ते १९८५ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, आणि याच भूमिकेत. आम्हां शिक्षकांच्या हाती सरकारने अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ दिला! २०१० मध्ये, चौऱ्याण्णव पूर्ण व्हायला थोडे दिवस उरले असताना तो गेला.

निवृत्तीनंतर माणसाला कशाची भीती वाटते? मरणाची थोडी, हसे होण्याची जास्त. कानाला यंत्र, बोलताना विसरलेले नाव, नातवंडांनी एकमेकांना केलेली खूण. आपण मग गंभीर चेहरा करून बसतो, आणि अधिकच हास्यास्पद दिसतो. फॉलस्टाफला शेवटी मध्यरात्री अरण्यात सगळे गाव चिमटे काढते. तो काय करतो? माझ्याशिवाय तुमच्या चतुराईला मीठ नाही, असे ठणकावून सांगतो, आणि सगळे जगच एक थट्टा आहे या अर्थाचे समूहगीत स्वतः सुरू करतो. एकेक आवाज मागून येऊन मिळतो. ज्याच्यावर हसत होते, त्याच्याच सुरात सगळे गाऊ लागतात.

व्हेर्दीने ऐंशीच्या घरात रचलेले ते गाणे ताद्देई पासष्टी ओलांडून गातो, तेव्हा त्यात अभिनय किती आणि अनुभव किती हे वेगळे करता येत नाही. सवडीने जरूर पाहा. घरातल्या म्हाताऱ्यांना सोबत घेऊन पाहिलेत तर अधिकच बरे.