जबड्याच्या हाडातील रक्तवाहिन्यांची गाठ: निदान कसे केले जाते?

जबड्याच्या हाडात रक्तवाहिन्यांची वाढ होऊन तयार होणाऱ्या गाठीला हिमॅन्जिओमा म्हणतात. ही गाठ क्वचित आढळते आणि ती कर्करोगाची नसते. मात्र निदान होण्याआधी त्या जागचा दात काढला किंवा गाठीचा तुकडा घेतला, तर जिवावर बेतेल इतका रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून तपासण्यांचा क्रम महत्त्वाचा असतो.

ही गाठ वरच्यापेक्षा खालच्या जबड्यात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त दिसते. बरेच रुग्ण १० ते २० वर्षे वयाचे असतात.

कोणत्या लक्षणांकडे लक्ष द्यावे?

• हळूहळू वाढणारी, बहुधा न दुखणारी सूज
• एकाच दाताभोवतीच्या हिरडीतून वारंवार रक्त येणे
• दात हलणे किंवा दाबल्यावर आत जाऊन पुन्हा वर येणे
• हिरडी निळसर दिसणे, सुजेत ठोके जाणवणे

काही रुग्णांना कोणताच त्रास नसतो. दुसऱ्या कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये गाठ दिसते.

कोणत्या तपासण्या केल्या जातात?

एक्स-रे: हाडात साबणाच्या फेसासारखी किंवा मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसू शकते. पण जबड्याच्या इतर गाठीही अशाच दिसतात, त्यामुळे केवळ एक्स-रेवरून निदान पक्के होत नाही.

सीटी स्कॅन आणि एमआरआय: हाड किती झिजले आहे आणि गाठ कुठवर पसरली आहे, हे समजते.

अँजिओग्राफी: रक्तवाहिनीत रंगद्रव्य सोडून गाठीला कोणत्या वाहिनीतून रक्त मिळते, ते पाहतात. गरज असल्यास शस्त्रक्रियेपूर्वी ती वाहिनी आतून बंद करता येते.

सुईने तपासणी: तुकडा घेण्यापूर्वी डॉक्टर सुईने गाठीतील द्रव ओढून पाहतात. सहज रक्त आले, तर बायोप्सी तिथेच थांबवली जाते.

तुम्ही काय करावे?

वरीलपैकी एखादे लक्षण असेल, तर दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना ते जरूर सांगा आणि एक्स-रे काढून घ्या. हलणारा दात घरी ओढून काढू नका. दात काढल्यावर रक्त थांबत नसेल, तर स्वच्छ कापडाची घडी त्या जागी ठेवून घट्ट चावून धरा आणि ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा.

वेळेत निदान झाले, तर तोंड व जबड्याचे शल्यचिकित्सक आणि रेडिओलॉजिस्ट मिळून सुरक्षित उपचार ठरवू शकतात.