पंपाभोवतीचा नकाशा आणि त्यातील रिकाम्या जागा

ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाची गोष्ट आपण वर्गात साधारण अशी सांगतो: लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली, डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंचा नकाशा काढला, सगळ्या खुणा एका पंपाभोवती दिसल्या, पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली. आम्हीही बरीच वर्षे ती अशीच सांगत होतो. पण क्रम तसा नव्हता.

साथ भडकली ३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री. दांडा निघाला ८ सप्टेंबरला. स्नो यांच्या पुस्तकात नकाशा छापला गेला तो १८५५ मध्ये. कॉलरा पाण्यातून पसरतो हे मत तर त्यांनी १८४९ मध्येच मांडले होते. शिवाय लोक घरे सोडून पळाल्यामुळे दांडा काढण्याआधीच साथ ओसरू लागली होती, हे त्यांनीच नमूद केले आहे.

मग नकाशाचा उपयोग काय? त्या काळी बहुतेक डॉक्टर रोगाचे कारण दूषित हवा मानत. खुणांची दाटी हवेनेही होऊ शकते. घाण हवा एका जागी साचते, असे ते म्हणणारच. म्हणून खुणांइतकेच रिकाम्या जागांकडे पाहायला हवे. पंपाजवळच्या निराधारांच्या आश्रयगृहात ५३५ माणसे होती. मृत्यू फक्त ५. त्यांची विहीर वेगळी होती. बिअरच्या कारखान्यात सत्तरहून अधिक कामगार होते. ते बिअरच पीत; एकही दगावला नाही. उलट दूर हॅम्पस्टेडला एक विधवा कॉलऱ्याने गेली. तिला याच पंपाचे पाणी आवडे, आणि रोज तिकडे जाणाऱ्या गाडीतून ते बाटलीत भरून नेले जाई. एकीकडे हवा तीच पण पाणी वेगळे. दुसरीकडे पाणी तेच पण हवा वेगळी.

पुढे स्नो यांनी नकाशात एक रेषा जोडली. तिच्यावरील कोणत्याही ठिकाणाहून हा पंप आणि जवळचा दुसरा पंप सारख्याच अंतरावर. अंतर मात्र पायी जाण्याच्या रस्त्याने मोजलेले. (गावातील सार्वजनिक नळ घेऊन विद्यार्थ्यांकडून अशी रेषा जरूर काढून घ्यावी.)

सरकारी आरोग्य मंडळाच्या समितीला हे पटले नाही. तेथील तरुण पाद्री हेन्री व्हाइटहेड यांनाही पटले नव्हते. स्नो यांचे म्हणणे खोडण्यासाठीच ते घरोघर फिरले. त्यांनाच ४० क्रमांकाच्या घरातले बाळ सापडले. साथ भडकण्यापूर्वी ते आजारी पडले होते, आणि त्याचे लंगोट धुतलेले पाणी घरातल्या मैलाखड्ड्यात ओतले जाई. जमीन उकरली तेव्हा खड्ड्याच्या विटा निखळलेल्या होत्या आणि पंपाची विहीर तेथून तीन फुटांच्या आत होती.