अमेरिकेच्या फेडरल कोर्टात हक्काचा दावा कसा चालतो?

हिजाबवरून नोकरी नाकारली, तुरुंगात दाढी ठेवू दिली नाही, विमानात बसू दिलं नाही, अशा अमेरिकेतल्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. काही वर्षांनी दोन ओळींची बातमी येते, ‘कोर्टात जिंकले’ किंवा ‘याचिका फेटाळली’. मधल्या काळात काय घडलं ते कळतच नाही. आपल्या कोकणातल्या आणि मुंबई-पुण्यातल्या अनेक घरांतली मुलं-मुली आज तिकडे शिकतात, नोकरी करतात. म्हणून हा विषय आम्ही एकदा नीट मांडून ठेवत आहोत.

कोर्टं दोन प्रकारची

आपल्याकडे तालुक्याच्या कोर्टापासून सुप्रीम कोर्टापर्यंत एकच साखळी असते. अमेरिकेत दोन वेगळ्या साखळ्या आहेत. प्रत्येक राज्याची आपापली कोर्टं आहेत. तलाक, जमीन-जुमला आणि बहुतेक फौजदारी खटले तिथे चालतात. दुसरी साखळी केंद्राची, म्हणजे फेडरल कोर्टांची. तिच्यात 94 जिल्हा कोर्टं, 13 अपील कोर्टं आणि सर्वांत वर 9 न्यायाधीशांचं सुप्रीम कोर्ट आहे. राज्यघटनेने किंवा केंद्राच्या कायद्याने दिलेला हक्क मोडला, असं म्हणायचं असेल तर या कोर्टात जाता येतं. इथले न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देते आणि नेमणूक तहहयात असते.

कोणत्या कायद्याचा आधार?

मुख्य आधार पाच आहेत.

1. घटनेची पहिली दुरुस्ती (1791): सरकारने धर्मपालनात अडथळा आणू नये.
2. चौदावी दुरुस्ती (1868): राज्य सरकारांनी सर्वांना कायद्याचं समान संरक्षण द्यावं.
3. 1871 चा कायदा, ज्याला वकील ‘कलम 1983’ म्हणतात: राज्याच्या किंवा शहराच्या अधिकाऱ्याने, उदाहरणार्थ पोलिसाने, हक्क मोडला तर त्याच्यावर दावा लावता येतो. गुलामगिरी संपल्यावर काळ्या नागरिकांवर होणारे हल्ले रोखण्यासाठी हा कायदा आला होता.
4. 1964 चा नागरी हक्क कायदा: 15 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला धर्म, वंश, रंग, लिंग किंवा मूळ देश पाहून भेदभाव करता येत नाही.
5. धर्मस्वातंत्र्याचे 1993 आणि 2000 चे दोन कायदे: पहिला केंद्र सरकारला लागू आहे, दुसरा तुरुंगातले कैदी आणि प्रार्थनास्थळांच्या बांधकामासाठी आहे.

यासाठी नागरिकत्व लागतं का? बहुतेक बाबतीत नाही. 1886 च्या ‘यिक वो’ खटल्यात सॅन फ्रान्सिस्कोत कपडे धुण्याचा धंदा करणाऱ्या चिनी माणसांना परवाने नाकारले होते. चौदाव्या दुरुस्तीचं संरक्षण ‘व्यक्ती’ला आहे, फक्त नागरिकाला नाही, असं सुप्रीम कोर्टाने तेव्हाच ठरवलं. त्यामुळे व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलांनाही हे दार बंद नाही.

जिंकलेले दावे

2008 मध्ये ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात एक 17 वर्षांची मुस्लिम मुलगी डोक्यावर स्कार्फ घेऊन ॲबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या कंपनीत मुलाखतीला गेली. मुलाखतीत ती पास झाली, पण स्कार्फ दुकानाच्या पेहरावाच्या नियमात बसत नाही म्हणून वरच्या साहेबांनी नकार दिला. तिच्या वतीने ईईओसी या सरकारी आयोगाने दावा लावला. कंपनीचा बचाव असा, की तिने धार्मिक सवलत मागितलीच नव्हती. 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने 8 विरुद्ध 1 मतांनी सांगितलं की उमेदवाराने स्पष्ट मागणी केलीच पाहिजे असं नाही. धार्मिक प्रथेला जागा द्यावी लागू नये म्हणून नोकरी नाकारली असेल तर तो भेदभावच.

त्याच वर्षी ‘होल्ट विरुद्ध हॉब्स’चा निकाल लागला. अर्कान्सासच्या तुरुंगातल्या एका मुस्लिम कैद्याला अर्धा इंच दाढी हवी होती. दाढीत वस्तू लपवता येतात, असं तुरुंगाचं म्हणणं. कैद्याने हाताने लिहिलेला अर्ज थेट सुप्रीम कोर्टात पोचला आणि सगळ्या 9 न्यायाधीशांनी एकमताने त्याच्या बाजूने कौल दिला.

2023 चा ‘ग्रॉफ विरुद्ध डीजॉय’ हा खटला एका ख्रिश्चन टपाल कर्मचाऱ्याचा होता. त्याला रविवारी काम नको होतं. कोर्ट म्हणालं, सवलत नाकारायची तर धंद्यावर मोठा बोजा पडतो हे मालकाने दाखवलं पाहिजे; किरकोळ गैरसोय पुरेशी नाही. जुम्म्याच्या नमाजसाठी किंवा रोजा सोडण्यासाठी थोडी सुट्टी मागणाऱ्याला हाच निकाल कामी येतो. एका धर्माच्या माणसाने लढून मिळवलेलं दुसऱ्याच्याही उपयोगी पडतं, ते असं.

हरलेले आणि अर्धवट दावे

सगळंच गोड नाही. काही मुस्लिमबहुल देशांतल्या लोकांना प्रवेशबंदी करणारा ट्रम्प सरकारचा आदेश सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी कायम ठेवला. जानेवारी 2021 मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी तो मागे घेतला. म्हणजे जे कोर्टात मिळालं नाही ते मतपेटीतून मिळालं.

2020 चा ‘तान्झिन विरुद्ध तनवीर’ खटला आणखी बोलका आहे. आपल्याच समाजाची खबर देणारे व्हायला नकार दिल्यामुळे विमानबंदीच्या यादीत टाकलं, असा काही मुस्लिम पुरुषांचा आरोप होता. केंद्रीय अधिकाऱ्यांकडून व्यक्तिशः नुकसानभरपाई मागता येते, असं सुप्रीम कोर्टाने एकमताने ठरवलं. पण प्रकरण खाली परत गेलं आणि अधिकाऱ्यांना कायद्याचं संरक्षण आहे म्हणून दावा फेटाळला गेला. हे संरक्षण मोठी भिंत आहे. ते कृत्य बेकायदा आहे हे आधीच्या निकालांवरून स्पष्ट नसेल, तर अधिकारी सहसा सुटतो. तत्त्व जिंकलं, हातात काही पडलं नाही, असं तिकडेही होतं.

काही दावे तडजोडीने मिटतात. न्यू यॉर्क पोलिसांनी न्यू जर्सीतल्या मशिदी, दुकानं, विद्यार्थी संघटना यांच्यावर पाळत ठेवली होती. जिल्हा कोर्टाने 2014 मध्ये दावा फेटाळला, अपील कोर्टाने 2015 मध्ये तो पुन्हा उभा केला आणि 2018 मध्ये समझोता झाला.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावं?

नोकरीतल्या भेदभावात थेट कोर्टात जाता येत नाही. आधी ईईओसीकडे तक्रार लागते. मुदत 180 दिवसांची. राज्याची स्वतःची तशी यंत्रणा असेल तर 300 दिवसांची. आयोगाचं परवानगीपत्र आलं की 90 दिवसांत दावा दाखल करावा लागतो. मुदत हुकली तर खरी तक्रारही सहसा वाया जाते. पोलीस किंवा तुरुंगाविरुद्धच्या दाव्याची मुदत राज्यागणिक बदलते.

पैशाची काळजी असते, ती रास्तच आहे. पण जिंकणाऱ्याच्या वकिलाची फी हरलेल्याकडून वसूल करायची तरतूद अशा अनेक कायद्यांत आहे. म्हणून काही वकील आणि संस्था आधी पैसे न घेता केस हाती घेतात. कोर्टाची फी परवडत नसेल तर माफीचा अर्जही करता येतो.

तिकडे असलेल्या आपल्या लेकरांना एवढं जरूर सांगा: काही घडलं तर त्याच दिवशी तारीख, वेळ आणि कोण काय बोललं ते लिहून ठेवा. ईमेल, मेसेज पुसू नका. रागाच्या भरात राजीनामा देण्याआधी वकिलाला भेटा. वर सांगितलेले निकाल यायला वर्षानुवर्षं लागली. तेवढा काळ माणसाची आठवण पुसट होते, पण वेळेवर लिहून ठेवलेला कागद कोर्टात उभा राहतो.